सोबतची माणसं

आत्या खिडकीशी बसून एका कोटाच्या बाहीला रफू करत होती. हे काम उजेडाचं असतं. कोटाच्या आतल्या शिवणीतून, जिथे कोणाचं लक्ष जात नाही अशा जागेतून, त्याच कापडाचे धागे काढायचे आणि भोकावर एक उभा, एक आडवा असे विणत जायचे. काम चांगलं झालं तर ते कोणाला दिसत नाही. गेली कित्येक वर्षं आत्याचं पोट याच कामावर चाललं होतं आणि भावाच्या संसारालाही त्यातून हातभार लागत होता.

तेवढ्यात भावजयीचा फोन वाजला. पलीकडून तिची बहीण, म्हणजे मुलांची मावशी, इतक्या मोठ्याने बोलत होती की आत्याला खिडकीशी शब्दन्‌शब्द ऐकू आला.

"अगं, सुट्टीत आम्ही सगळे बंदराच्या शहरात चाललोय. मोठी गाडीच ठरवलीये. तुम्हीही चला. आणि हे बघ, ताईंना आणायला विसरू नकोस हं! तिथल्या मनोऱ्याला ही एवढी रांग असते."

"आणते की," भावजय म्हणाली. "त्यांच्यावाचून कसं चालेल?"

आत्याने सुई कापडात खोचून ठेवली. तिला आनंद झाला होता. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण तिने तो लपवला, कारण फार आनंद दाखवला की माणसं त्याचीही आठवण पुढे करून देतात, हे ती या घरात शिकली होती.

वाचणाऱ्याला वाटेल, काय प्रेमळ माणसं आहेत! व्हीलचेअरवरच्या नणंदेला सोडून सहलीला जायला यांचं मन धजत नाही. गावातही लोक हेच म्हणायचे. "भाऊ असावा तर असा. बहिणीला देशभर फिरवतो." भाऊ ते ऐकून नम्रपणे मान खाली घालायचा. म्हणून या प्रेमाचा जन्म कसा झाला, ते आधी सांगितलं पाहिजे.

आत्याचे पाय लहानपणीच एका तापात गेले. आईवडील होते तोवर त्यांनी केलं, पुढे धाकट्या भावाच्या घरात ती राहिली. घराच्या दारापुढे तीन पायऱ्या होत्या. त्या तीन पायऱ्यांमुळे समोरचा रस्ता तिला खिडकीतून दिसेल तेवढाच माहीत होता. भाऊ सहकुटुंब सहलींना जायचा, तेव्हा भावजय शेजारणीकडे किल्ली देऊन सांगायची, "ताईंना प्रवासाचा त्रास नको." त्रास कोणाला नको होता, हे शेजारणीने कधी विचारलं नाही.

मग एकदा तपासणीसाठी आत्याला मोठ्या इस्पितळात न्यावं लागलं. इस्पितळ नदीकाठच्या शहरात होतं. एवढं आलोच आहोत तर संग्रहालय बघून घेऊ, असं भावजय म्हणाली. बाहेर भर उन्हात लांबलचक रांग होती. सगळ्यांची तोंडं उतरली. इतक्यात दारावरच्या माणसाचं लक्ष खुर्चीकडे गेलं. त्याने बाजूची दोरी काढली, हात हलवून बोलावलं आणि विचारलं, "हे सगळे यांच्याबरोबर का? या, या, इकडून या." उन्हात उभे असलेले लोक बघत राहिले आणि हे कुटुंब आत गेलं. त्या क्षणी भावाच्या डोक्यात उजेड पडला. तोवर आत्या हे घरातलं अडलेलं काम होतं. त्या दिवसापासून ती उपयोगी पडू लागली.

पुढच्याच सुट्टीत भावजयीला नणंदेची कीव आली. "बिचाऱ्या घरात बसून कंटाळतात हो," म्हणून तिने स्वतः आत्याची बॅग भरली. त्यानंतर एकही सहल आत्यावाचून झाली नाही. गाडीत आधी चढायला मिळायचं, खेळाच्या मैदानात पुढची जागा मिळायची, प्राणिसंग्रहालयात फाटक वेगळं. फुकट ते पौष्टिक! बातमी नातेवाइकांत पसरली. मग शेजारी मिक्सर मागतात तसं आत्याला मागणं सुरू झालं. "ताईंना द्या ना दोन दिवस. नीट आणून सोडतो." भाऊ उदार मनाने द्यायचा. आत्याला कोणी विचारायचं नाही. पुतणी तर मैत्रिणींना हसत सांगायची, "आमची आत्या म्हणजे आमचा पास."

आणि दोरी ओलांडून आत गेलं की? गरज सरो, वैद्य मरो. पहिल्या जिन्याशी भाऊ खुर्ची भिंतीला लावायचा, चाकांना ब्रेक लावायचा आणि म्हणायचा, "ताई, पुढे पायऱ्या आहेत गं. लिफ्टबिफ्ट काही नाही. तू इथेच थांब, आम्ही पटकन जाऊन येतो." मग मांडीवर बॅगा यायच्या. पाण्याच्या बाटल्या, पर्स, कोणाचं स्वेटर, लहानग्याचा डबा. वरून कोणीतरी ओरडून सांगायचं, "आत्या, बॅगेवर लक्ष ठेव हं!"

अशी कितीतरी शहरं आत्याने पाहिली. खरं सांगायचं तर तिने त्या शहरांचे जिने पाहिले, तेही खालून. कुठला दगडी, कुठला लोखंडी, कुठल्या जिन्याखाली केरसुण्या ठेवतात, एवढं तिला माहीत होतं. परतीच्या गाडीत सगळे फोनवरचे फोटो दाखवायचे आणि आत्या म्हणायची, "छान आहे हो." ती रागवायची नाही. एका खिडकीत आयुष्य गेलेल्या माणसाला गाडीची पळती खिडकीही दान वाटते. आणि दान घेणाऱ्याने तक्रार करायची नसते, ही शिकवण आपल्याकडे फार पक्की आहे.

फक्त एका गोष्टीचा सल तिच्या मनात होता. तो समुद्राचा.

बंदराच्या शहरात ती आधी एकदा जाऊन आली होती. तिथे किनाऱ्याने मोठा रस्ता आहे आणि रस्त्याला दगडी कठडा. कठडा उभ्या माणसाच्या कमरेच्या जरा वर, म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसाच्या बरोबर डोळ्यांसमोर. संपूर्ण संध्याकाळ आत्याने तो कठडा पाहिला. पलीकडे पाणी आपटत होतं, वारा तोंडावर खारट लागत होता, मुलं "ते बघ जहाज, ते बघ जहाज" करत होती. आत्याच्या समोर दगड होता. मनोऱ्याच्या वर मात्र जमिनीपासून छतापर्यंत काच आहे, असं पुतणीने नंतर सांगितलं. "बसलं तरी सगळा समुद्र दिसतो, आत्या!" हे बोलून झाल्यावर ती थोडी ओशाळली होती.

त्या वेळी आत्या मनोऱ्याच्या बुडाशी बॅगा घेऊन बसली होती. दारावरच्या गणवेशातल्या बाईची बाही खिळ्याला लागून फाटली होती. आत्याच्या पिशवीत सुई असतेच. तिने बाईला स्टुलावर बसवलं आणि तिथल्या तिथे बाही रफू करून दिली. बाई बाही उलटसुलट करून बघत राहिली होती.

आता त्याच मनोऱ्याकडे पुन्हा जायचं होतं. जाण्याच्या आदल्या दिवशी आत्याने धीर करून भावाला विचारलं.

"अरे, त्या मनोऱ्याला खरंच लिफ्ट नाही का रे?"

"नाही गं. मागे विचारलं होतं ना मी."

"कोणाला तरी उचलून न्यायला सांगितलं तर? मी पैसे देईन त्यांना."

"ताई, त्या अरुंद जिन्यातून? पडलीस बिडलीस तर निस्तरायचं कोणी?" भाऊ हसला. "समुद्र काय, पाणीच ते. फोटो दाखवतो ना तुला."

आत्या पिशवीत सुई आणि दोरे भरू लागली.

ठरलेल्या दिवशी गाडी निघाली. भाऊ, भावजय, पुतणी, मावशी, मावशीचा नवरा, त्यांची मुलं, मावशीची सासू आणि आत्या. सगळ्यांत पुढची जागा सासूबाईंना मिळाली, कारण त्यांना मागे मळमळतं. आत्याची खुर्ची घडी करून बॅगांच्या खाली गेली, आणि आत्याला भावाने उचलून मधल्या बाकावर ठेवलं. वाटेत सगळे चहाला उतरले तेव्हा ती गाडीतच होती. तिने सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं. प्रवासात ती पाणी पीत नसे, कारण पाणी प्यायलं की मग कोणाला तरी सांगावं लागतं.

मनोऱ्याच्या आवारात पोचेपर्यंत दुपार कलली होती. रांग फाटकाबाहेर येऊन रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती. मावशीने ती रांग बघितली आणि समाधानाने म्हणाली, "बघितलंत? म्हणून म्हटलं होतं, ताईंना घ्या." खुर्ची उघडली गेली. आत्याला तीत बसवलं, पदर नीट केला, आणि खुर्ची पुढे आणि माणसं मागे असा तो ताफा रांगेच्या कडेने निघाला. रांगेतली एक म्हातारी बाजूला सरकून म्हणाली, "जाऊ द्या हो त्यांना, बिचारी." भावजयीने चेहरा सहलीला न शोभणारा, दुःखी करून घेतला होता. तेही तिला आता सवयीने जमत असे.

दारावर तीच बाई होती. तिने आत्याला ओळखलं आणि तिचं तोंड उजळलं.

"अहो, रफूवाल्या ताई! ही बघा बाही. अजून कोणाला सापडली नाही जागा." मग वाकून, आवाज जरा खाली आणत तिने विचारलं, "आज तरी वर जाणार ना? आता भीती गेली का?"

"कसली भीती?" आत्या म्हणाली.

"उंचीची. मागच्या वेळी मी लिफ्टवाल्याला बोलावत होते, तर तुमचे भाऊ म्हणाले, नको, तिला उंचीची फार भीती वाटते, चक्कर येते. म्हणून मी पुढे काही बोलले नाही तुमच्याशी. म्हटलं, घाबरणाऱ्या माणसाला कशाला टोचा."

आत्याला प्रथम नीट कळलंच नाही. तिने मान वळवून भावाकडे पाहिलं. भाऊ तिकिटांच्या दरांची पाटी वाचू लागला होता.

"लिफ्ट आहे?"

"आहे की. मागच्या अंगाला. सामानाचीच आहे, जुनी, पण वरपर्यंत जाते. किल्ली ऑफिसात असते. माणूस यायला थोडा वेळ लागतो, एवढंच."

थोडा वेळ! त्या थोड्या वेळासाठी समुद्र गेला होता. आत्याला एकेक जिना आठवू लागला. नदीकाठच्या शहरातली होडी, टेकडीवरची दोरावरून जाणारी पाळण्याची गाडी, राजवाड्याची गच्ची. कुठे कुठे आपल्याला भीती वाटली असेल? कुठे चक्कर आली असेल, कुठे पाठ दुखली असेल, कुठे आपल्याला सावलीत बसायलाच आवडत असेल? आणि तिला न विचारता तिच्या नावावर हे सगळं कोणी कोणी सांगितलं असेल? तिचे कान तापले. इतका राग आपल्या अंगात मावतो, हे तिला ठाऊक नव्हतं.

"ताई, चल ना, मागे लोक खोळंबलेत," भाऊ म्हणाला.

दारावरच्या बाईने दोरीला हात घातला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "हे सगळे तुमच्याबरोबर ना?"

मावशीने एक पाय आधीच दोरीपलीकडे टाकला होता.

"नाही," आत्या म्हणाली. "माझ्याबरोबर कोणी नाही. मी एकटी आहे."

"ताई!" भावजय किंचाळली.

"अहो, काय बोलताय हे?" मावशी म्हणाली. "आम्ही तुम्हाला घेऊन आलोय!"

"त्यांना विचारा," आत्या दारावरच्या बाईला म्हणाली. "त्यांना विचारा, मला वर न्यायला थांबणार आहेत का. थांबणार असतील तर माझ्याबरोबर. नाहीतर रांग तिकडे आहे."

बाईने भावाकडे पाहिलं. भावाने घड्याळाकडे पाहिलं. खरं तर त्याला तेव्हाही "थांबतो" म्हणता आलं असतं. एवढाच एक शब्द होता. पण रांगेतले लोक बघत होते, मेहुणी बघत होती, आणि पुरुषाला चारचौघांत खोटं बोलणं मंजूर असतं, खाली येणं नसतं. तो म्हणाला, "तिला बरं वाटत नाहीये. उन्हाने होतं असं कधीकधी."

"मला ऊन लागलेलं नाही," आत्या म्हणाली. "आणि मला उंचीची भीती वाटत नाही."

बाईने मावशीचा पाय दोरीबाहेर काढायला लावला, आत्याला आत घेतलं आणि दोरी लावली.

लिफ्टवाला आला, चरफडत का होईना, आला. वर काचेशी त्याने खुर्ची उभी केली आणि तो विडी ओढायला बाजूला गेला. आत्यासमोर समुद्र होता. मधे काही नव्हतं. ती खूप वेळ बघत राहिली. आनंद होईल असं तिला वाटलं होतं, पण रडू आलं, तेही आनंदाचं नव्हतं. हे एवढं मोठं होतं आणि ते तिच्यापासून लपवायला एक लहानसं खोटं पुरलं होतं. खाली रांगेच्या शेपटीला तिची माणसं उभी होती. सासूबाई हातांनी वारा घेत होत्या. ती बघत असतानाच फाटक बंद झालं, आणि उरलेली रांग मोडून लोक पांगले.

परतीच्या गाडीत कोणी फोटो दाखवले नाहीत, कारण फोटो नव्हते.

"आजवर फिरवलं त्याचे हे पांग फेडले," मावशी मोठ्याने खिडकीला म्हणाली.

"चढवून ठेवलंय आपणच," भावजय म्हणाली. "आता डोक्यावर मिरे वाटणार."

घरी पोचल्यावर भावाने आत्याला त्या तीन पायऱ्या उचलून वर नेलं. शेजारी दारात उभे होते म्हणून नीट नेलं. त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतं बोलू लागला, पुढे तेही बंद झालं. सहली थांबल्या. मागणी थांबली. गावात बोभाटा झाला, "एवढं केलं भावाने, पण बाईला त्याची जाण नाही." आत्याच्या बाजूने एकही माणूस बोललं नाही. तिच्याकडे कपडे रफूला टाकणाऱ्यांनीही, "ताई, तुम्ही जरा सबुरीने घ्यायचं होतंत," असा सल्ला दिला. आणि या लोकांत कोणी वाईट नव्हतं, हेच फार वाईट आहे.

पुढच्या सुट्ट्या आल्या. एका सकाळी भाऊ खिडकीशी येऊन उभा राहिला. आत्याला वाटलं, बोलायला आला. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"ताई," तो म्हणाला, "आम्ही चाललोय चार दिवस. तुला नको असेल तर आग्रह नाही. तेवढी तुझी खुर्ची दे."

"खुर्ची?"

"मावशीच्या सासूबाई बसतील तीत. चालतात त्या, पण दाराशी पोचेपर्यंत बसतील. तू काय, घरातच असतेस. चार दिवस पलंगावर बसून काम केलंस तर काय बिघडतं?"

आत्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. याला तिला कडेवर घेता आलं नाही, म्हणून तिने मांडीवर खेळवलं होतं. तो थट्टा करत नव्हता. त्याला यात काही वावगं वाटतच नव्हतं. आजवर त्यांनी कोणाला फिरवलं होतं, ते तिला त्या सकाळी कळलं. फिरायला जायची ती खुर्ची. आत्या तिच्यावरचं सामान होती.

"खुर्ची मोकळी नाही," ती म्हणाली.

ते खुर्चीवाचून गेले, दार ओढून, रागाने. ते गेल्यावर आत्याने खिडकीतून समोरच्या बांधकामावरच्या गवंड्याला हाक मारली. त्याचे कोट तिने कधी रफू केले नव्हते आणि त्याची तिची ओळखही नव्हती. तिने विचारलं, या तीन पायऱ्यांवर उतार करून देशील का? त्याने पायऱ्या बघितल्या, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "एवढंच? उद्या संध्याकाळी होऊन जाईल, बाई."

एवढंच. या घराने समुद्रापर्यंत मजल मारली होती, आणि दारातला एका दिवसाचा उतार कोणाला सुचला नव्हता. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणायचं, तर इथे कळसा काखेत कोणाला नकोच होता. उतार झाला असता तर आत्या स्वतःची स्वतः बाहेर पडली असती.

भाऊ परत आला तेव्हा सिमेंट वाळलं होतं. बॅग हातात धरून तो पायथ्याशी थबकला.

"हे काय करून बसलीस? कशाला हवं होतं? आम्ही आहोत ना उचलायला."

"म्हणूनच," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती उतारावरून एकटी खाली आली. चाकं जास्त जोरात फिरली, आणि रस्त्यावर येऊन ती भिंतीला घासून थांबली. कोपऱ्यापर्यंत गेली. कोपऱ्यावर पदपथ हातभर उंच होता, म्हणून ती रस्त्याच्या कडेने गेली आणि दोन गाडीवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. औषधाच्या दुकानाला पायऱ्या होत्या. बँकेला पायऱ्या होत्या. वाचनालयाला तर वर "सर्वांसाठी खुले" अशी पाटी होती आणि तिच्याखाली पायऱ्या होत्या. गावच तिच्या भावासारखं होतं, तिला त्रास नको म्हणून काळजी घेणारं.

शेवटी ती नगरपालिकेच्या दाराशी पोचली. तिथल्या पायऱ्या सगळ्यांत रुंद. शिपाई धावत खाली आला.

"कोणाला भेटायचंय, बाई? साहेबांना? थांबा, चार माणसं बोलावतो. उचलून नेतो तुम्हाला. सोबत कोण आहे?"

"सोबत कोणी नाही. आणि मला उचलू नका," आत्या म्हणाली. "साहेबांना खाली बोलवा."

"अहो, साहेब असे खाली येत नाहीत. वेळ लागेल फार."

आत्याने ब्रेक लावला. पिशवीतून सुई आणि कोणाची तरी फाटकी बाही काढली.

"लागू दे," ती म्हणाली. "मी बसलेलीच आहे."